रवांडात भूलशास्त्र पुन्हा उभं राहिलं त्याविषयी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी भूल देण्याचं काम करतो. गेली काही वर्षं आफ्रिकेतल्या रवांडा या देशाचा अनुभव वाचतो, जमेल तिथे त्यावर बोलतो. बोलून झालं की तेच ते प्रश्न येतात. काही डॉक्टरांचे, काही विद्यार्थ्यांचे, काही ज्यांचा ऑपरेशनशी संबंध फक्त नातेवाईक म्हणून आला त्यांचे. त्यांची उत्तरं इथे एकत्र करून ठेवतो आहे.

युद्धानं मोडलेले देश डझनभर आहेत. रवांडाच का?

कारण तिथे मोडतोड पराकोटीची झाली आणि तरीही पुढची तीस वर्षं कामात खंड पडला नाही. बऱ्याच देशांत युद्ध थांबतं, मदत येते, पुन्हा युद्ध पेटतं आणि शिकवलेली माणसं पुन्हा पांगतात. रवांडात १९९४ नंतर, सुरुवातीची काही वर्षं सोडली तर, देशाच्या आत शांतता टिकली, त्यामुळे एखादी गोष्ट रुजली की नाही हे पाहायला वेळ मिळाला. तिथली राजवट कडक आहे, विरोधाला फारशी जागा नाही, हेही खरं. तो वेगळा विषय आहे, पण आरोग्याच्या योजना वरून ठरवून खालपर्यंत राबवता आल्या त्यामागे ही कडक शिस्तही आहे. देश छोटा, डोंगराळ, लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेनुसार सुमारे १ कोटी ३२ लाख. म्हणजे जवळजवळ मुंबईएवढी.

१९९४ मध्ये नेमकं काय मोडलं?

६ एप्रिल १९९४ रोजी राष्ट्राध्यक्षांचं विमान पाडलं गेलं आणि दुसऱ्या दिवसापासून सुमारे शंभर दिवस अल्पसंख्य तुत्सी समाजाची कत्तल चालली. तिला विरोध करणारे बहुसंख्य हुतू समाजातले लोकही मारले गेले. मृतांचा आकडा आठ लाखांच्या पुढे धरला जातो. डॉक्टर, नर्स, टेक्निशियन यांच्यातले बरेच मारले गेले, बरेच देश सोडून पळाले. इमारती आणि यंत्रं लुटली गेली ते वेगळंच.

पण माझ्या मते सगळ्यात वाईट मोडला तो भरवसा. बुटारे हे विद्यापीठाचं गाव. तिथल्या विद्यापीठ रुग्णालयात एप्रिलच्या शेवटी सुमारे १५० रुग्णांना मारलं गेलं आणि तिथे काम करणाऱ्या एमएसएफ या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मदतसंस्थेच्या पथकाला बाहेर पडावं लागलं. काही ठिकाणी मारेकऱ्यांमध्ये डॉक्टरही होते. आता विचार करा. भूल देणं म्हणजे एका माणसानं दुसऱ्याला सांगणं, ‘डोळे मिटा, बाकी मी बघतो.’ ज्या देशात रुग्णालयाच्या खाटेवर माणूस सुरक्षित राहिला नाही, तिथे हे वाक्य पुन्हा म्हणता येण्याजोगं करायचं होतं.

तज्ज्ञ नव्हते तर ऑपरेशनं होत नव्हती का?

होत होती. बाळ अडलं की अडलं, ते तज्ज्ञाची वाट बघत नाही. १९९६ मध्ये राजधानी किगालीत किगाली हेल्थ इन्स्टिट्यूट ही संस्था उभी राहिली, आणि बारावीइतकं शिकलेल्या मुलामुलींना तीन वर्षांत भूल देणारे टेक्निशियन म्हणून तयार करायला सुरुवात झाली. आज देशभरच्या जिल्हा रुग्णालयांत भूल देतात ते मुख्यतः हेच लोक. सीझर करतो तो बहुधा साधा पदवीधर डॉक्टर, भूल देतो टेक्निशियन.

हे ऐकून आपल्याकडचे डॉक्टर नाक मुरडतात. भारतात भूल डॉक्टरनंच द्यायची असा दंडक आहे, म्हणून. पण आपल्या ग्रामीण रुग्णालयांत भूलतज्ज्ञ मिळत नाहीत म्हणून सरकारनं एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांचं भूल देण्याचं प्रशिक्षण सुरू केलंच ना? अडचण तीच, तोडगाही त्याच जातीचा. त्यांनी आधी काढला, एवढंच.

मग टेक्निशियन काम करतातच, तर तज्ज्ञ डॉक्टर हवेत कशाला?

टेक्निशियनला शिकवणार कोण? अडचणीत सापडल्यावर त्यानं फोन कुणाला करायचा? छातीची, मेंदूची, तान्ह्या बाळाची ऑपरेशनं कुणाच्या जिवावर करायची? आयसीयू कोण चालवणार? औषधखरेदीच्या यादीत ॲड्रेनालिन आणि ऑक्सिजन यांच्यासाठी मंत्रालयात भांडणार कोण?

२००६ पर्यंत देशात रवांडाचेच असे भूलतज्ज्ञ डॉक्टर एका हाताच्या बोटांवर मोजता आले असते आणि बोटं उरली असती. टेक्निशियन शाळेतून बाहेर पडायचा आणि थेट एकटा. वर कुणी नाही, बाजूला कुणी नाही. पहिल्या वर्षी जी चूक सवयीची झाली ती निवृत्तीपर्यंत तशीच.

भूल म्हणजे एक इंजेक्शन. ते शिकायला चार वर्षं?

हा प्रश्न मला घरच्यांनीही विचारलेला आहे. रागावत नाही, आमचं काम नीट झालं तर ते कुणाला दिसत नाही, हा आमच्या धंद्याचा दोषच आहे.

साध्यातलं साधं उदाहरण घेऊ. सीझरसाठी पाठीतून दिलेली भूल, आपण स्पायनल म्हणतो ती. बाई टेबलावर वाकून बसते, पाठीला थंड औषध लागलं की दचकते. सुई आत जाते, पाण्यासारखा स्वच्छ थेंब दिसतो, औषध जातं. तिला झोपवायचं. पाय जड झाले का ताई? झाले. इथपर्यंत कुणालाही जमेल, हात बसला की दोन महिन्यांत येतं.

खरं काम पुढे आहे. दोनेक मिनिटांत ती म्हणते, ‘डॉक्टर, कसंतरी होतंय.’ हे ‘कसंतरी’ मॉनिटरच्या आधी येतं. बीपी पडायला लागलेलं असतं. उजव्या कुल्ह्याखाली चादरीची घडी सारायची, म्हणजे बाळाचं वजन मोठ्या शिरेवरून बाजूला होतं. सलाईन सोडायचं, बीपी वर आणणारं मेफेंटरमाइन द्यायचं. तेवढ्यात ती म्हणाली, ‘हाताला मुंग्या येताहेत’, तर मी लगेच माझी दोन बोटं तिच्या हातात देतो. ताई, घट्ट दाबा. पकड पक्की असेल तर ठीक. पकड सैल लागली तर भूल मानेकडे चढते आहे आणि आता श्वासाची जबाबदारी आपली. श्वासनलिकेत नळी टाकायची तयारी आधीच हवी. बाकीच्यांना यातलं काहीच कळत नाही, त्यांची नजर पोटावर असते.

चार वर्षं लागतात ती सुईसाठी लागत नाहीत. त्या दोन बोटांसाठी लागतात.

२००६ मध्ये काय सुरू झालं?

बुटारेच्या राष्ट्रीय विद्यापीठात भूलशास्त्राचा चार वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. बरोबर होती कॅनडाच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेची शिक्षणासाठी काढलेली संस्था, कासिएफ. या संस्थेनं आधी नेपाळमध्ये असंच काम केलेलं होतं आणि त्यातून तिथे भूलतज्ज्ञांची फळी तयार झाली होती. ते अनुभव गाठीशी होते. अमेरिकेच्या भूलतज्ज्ञांची संघटनाही सामील झाली. यात पुढाकार घेणाऱ्यांत कॅनडाच्या डॉ. अँजेला एनराइट यांचं नाव घ्यावंच लागतं. पुढे त्या भूलतज्ज्ञांच्या जागतिक महासंघाच्या अध्यक्षही झाल्या.

पद्धत साधी होती. परदेशातून एकेक शिक्षक साधारण महिन्याभरासाठी यायचा, किगाली आणि बुटारेच्या रुग्णालयांत निवासी डॉक्टरांबरोबर ऑपरेशन थिएटरमध्ये उभा राहायचा, आठवड्यातून वर्ग घ्यायचा. तो गेला की पुढचा. काही निवासी डॉक्टरांना काही महिने कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठात पाठवलं जायचं. पदवी मात्र रवांडाची.

महिनाभर येऊन कुणी काय शिकवणार? हे वैद्यकीय पर्यटनच नाही का?

नुसतं येऊन ऑपरेशनं उरकून जाणाऱ्या शिबिरांबद्दल माझंही हेच मत आहे. वीस ऑपरेशनं होतात, फोटो निघतात, आणि एकविसाव्या रुग्णासाठी गावात तोच एकटा टेक्निशियन उरतो. शिबिरवाल्यांचं उरलेलं औषध त्याच्या कपाटात, तेही मुदत संपत आलेलं.

इथे फरक असा की येणाऱ्यानं स्वतः भूल द्यायची नव्हती. हात मागे बांधून उभं राहायचं आणि समोरच्याला करू द्यायचं. तज्ज्ञाला यापेक्षा मोठी शिक्षा नाही, हे मी स्वतः ज्युनियरना शिकवताना अनुभवतो. हात शिवशिवतात.

तरी अडचणी होत्याच. एक शिक्षक सांगणार अमुक औषध आधी द्या, पुढच्या महिन्यातला सांगणार नंतर. बिचाऱ्या निवासी डॉक्टरांना दर महिन्याला नवा गुरू आणि नवं शास्त्र. म्हणून अभ्यासक्रम ठरवून लिहावा लागला. आणि २०१२ मध्ये रवांडा सरकारनं मनुष्यबळ तयार करण्याचा मोठा कार्यक्रम अमेरिकी विद्यापीठांबरोबर काढला, तेव्हा जोड्या लावण्याची पद्धत आणली: प्रत्येक परदेशी अध्यापकाबरोबर एक रवांडाचा अध्यापक. बाहेरचा माणूस परत जाईल तेव्हा जागा रिकामी राहू नये, हा हेतू.

भाषेचं काय?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, आणि मला तो सगळ्यात रंजक वाटतो.

घरची भाषा किनयारवांडा, सगळ्यांची एकच. वैद्यकीय शिक्षण होतं फ्रेंचमध्ये, कारण पूर्वीची बेल्जियमची राजवट. रुग्णालयातले कागद फ्रेंच, औषधांची नावं फ्रेंच वळणाची. परदेशी शिक्षक बहुतेक इंग्रजी बोलणारे. त्यातच २००८ मध्ये सरकारनं ठरवलं की शिक्षणाचं माध्यम आता इंग्रजी. २००९ मध्ये देश राष्ट्रकुलातही गेला.

म्हणजे काय झालं, तर ज्यानं शरीरशास्त्र फ्रेंचमधून पाठ केलं, त्यानं भूलशास्त्राची परीक्षा इंग्रजीतून द्यायची आणि रुग्णाशी बोलायचं किनयारवांडात. मराठी माध्यमातून बारावी करून एमबीबीएसला गेलेल्या पोरापोरींना हे वेगळं समजावून सांगायला नको. पहिल्या वर्षी वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारा मुलगा मठ्ठ नसतो, तो मनातल्या मनात भाषांतर करत असतो. ऑपरेशन थिएटरमध्ये तो गप्प बसला तर मात्र धोका. बीपी पडतंय हे सर्जनला मोठ्यानं सांगायला शब्द जिभेवर हवेत. म्हणूनच पुढे तिथल्या प्रशिक्षणात औषधं आणि यंत्रं यांच्याइतकाच भर आला तो बोलण्यावर: कुणी, केव्हा, काय शब्दांत सांगायचं. २०१८ मध्ये रवांडात सुरू झालेला ‘वास्ट’ नावाचा तीन दिवसांचा सिम्युलेशन वर्ग यावरच उभा आहे. महागडे पुतळे नाहीत. सुटकेसमध्ये मावेल असं सामान, एक खोटा प्रसंग, आणि नंतर गोल बसून झाल्या प्रकाराची चर्चा. चर्चेचा वेळ प्रसंगापेक्षा मोठा.

हुशार मुलांना सरळ परदेशात पाठवून शिकवलं तर?

पाठवलं तर शिकतात. परत येत नाहीत. आपल्याला हे कुणी सांगायला नको.

यंत्रं तर देणगीत मिळतात. मग खर्च कसला?

देणगीतलं यंत्र हा पांढरा हत्ती असतो, कधी कधी शब्दशः पांढरा. मी एका रुग्णालयात (नाव नको) चकचकीत परदेशी भूलयंत्र चादरीखाली झाकलेलं पाहिलं आहे. त्याला भिंतीतून येणारा दाबाखालचा ऑक्सिजन लागायचा, तिथे होते सिलिंडर. त्याचा ऑक्सिजन मोजणारा सेन्सर संपला होता, नवा मिळत नव्हता. चादर मात्र दर आठवड्याला धुतली जायची.

अल्प साधनांच्या रुग्णालयांतली सुमारे ४० टक्के उपकरणं बंद पडलेली असतात, असं २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत आढळलं होतं. त्यावर उपाय म्हणजे आणखी यंत्रं नव्हेत. रुग्णालयाच्या आवारातच दुरुस्ती करणारा माणूस हवा. रवांडात बायोमेडिकल टेक्निशियन तयार करण्याचे अभ्यासक्रम निघाले ते यासाठी. भूलतज्ज्ञ आणि हा दुरुस्तीवाला यांची दोस्ती नसेल तर थिएटर चालत नाही. माझ्या मोबाइलमध्ये आमच्या दुरुस्तीवाल्या भाऊंचा नंबर सर्जनच्या वर आहे.

लाइट गेली तर?

इथे जुनी विद्या कामाला येते. ड्रॉ-ओव्हर नावाची पद्धत आहे. नेहमीच्या भूलयंत्रात दाबाखालचा वायू रुग्णाकडे ढकलला जातो. ड्रॉ-ओव्हरमध्ये उलट: रुग्ण श्वास आत घेतो, त्या ओढीनं खोलीतली हवा नळीत येते आणि वाटेत भूलऔषधाच्या वाफेवरून जाते. वीज नको, सिलिंडर नको. १९५६ मध्ये ऑक्सफर्डला या पद्धतीचं ईथरसाठीचं एक भांडं बनलं आणि पुढे कितीतरी दशकं ते आफ्रिका-आशियाच्या आडगावांत राबलं. आपल्याकडचे जुने भूलतज्ज्ञ त्याच्या आठवणी सांगतात. ईथरचा वास कपड्यांना चिकटून घरी यायचा म्हणे.

याच कल्पनेवर मलावीत काम केलेल्या पॉल फेंटन या ब्रिटिश भूलतज्ज्ञानं ‘युनिव्हर्सल ॲनेस्थेशिया मशीन’ बनवलं. त्यात आतच ऑक्सिजन काँसन्ट्रेटर आहे. हवेतला नायट्रोजन एका खनिजाच्या चाळणीत अडकतो आणि नव्वद टक्क्यांच्या वर शुद्ध ऑक्सिजन बाहेर येतो. वीज गेली की यंत्र आपोआप खोलीतली हवा ओढायला लागतं, भूल तुटत नाही.

अडचण अशी की आताच्या तरुण तज्ज्ञांना, तिथल्या काय आणि आपल्याकडच्या काय, ड्रॉ-ओव्हर येत नाही. शिकवायला आलेल्या परदेशी गुरूलाही येत नाही. म्हणजे काही बाबतींत टेक्निशियन गुरू आणि प्राध्यापक शिष्य. हे जिथे मोकळ्या मनानं मान्य होतं तिथे काम पुढे जातं.

केटामाइनबद्दल फार ऐकतो. ते नशेचं औषध ना?

नशेसाठी लोक वापरतात, खरं आहे. पण युद्धाच्या मुलुखात आणि आडगावात ते प्राण वाचवणारं औषध आहे. १९६२ मध्ये तयार झालं, १९७० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, लगेच व्हिएतनाम युद्धात वापरलं गेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते १९८५ पासून आहे.

कारण असं की बाकीची भूलऔषधं श्वास आणि बीपी दोन्ही खाली आणतात. केटामाइननं रुग्ण सहसा स्वतःचा श्वास घेत राहतो, बीपी टिकतं. ऑक्सिजन नसलेल्या खोलीत हा फरक जीवन-मरणाचा. उठताना माणूस भलतंसलतं बघतो, बडबडतो, कधी गाणी म्हणतो. नातेवाईक घाबरतात. आधी सांगून ठेवलं की घाबरत नाहीत. २०१५ च्या सुमारास ते आंतरराष्ट्रीय अमली पदार्थांच्या यादीत टाकावं असा प्रस्ताव चीननं आणला होता, तेव्हा गरीब देशांतल्या भूल देणाऱ्यांच्या पोटात गोळा आला होता. प्रस्ताव टिकला नाही.

ऑक्सिमीटर तर आमच्या घरीही आहे. त्याचं एवढं काय?

कोविडनंतर सगळ्यांना ते चिमट्यासारखं यंत्र माहीत झालं. पण २०१० मध्ये जगातल्या सुमारे ७७,००० ऑपरेशन थिएटरांत ते नव्हतं. त्या थिएटरांत भूल देणारा रुग्णाची नखं आणि ओठ बघून ठरवायचा की ऑक्सिजन पुरतो आहे की नाही. सावळ्या त्वचेत आणि मंद उजेडात ओठ निळे दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

थिएटरमधल्या ऑक्सिमीटरची खुबी आकड्यात नाही, आवाजात आहे. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला तो ‘टिंग’ करतो आणि ऑक्सिजन उतरला की तो सूर खाली येतो. माझी पाठ यंत्राकडे असली तरी सूर उतरलेला मला कळतो. बोलता बोलता मधेच मान वळवली की सर्जन समजतो, काहीतरी झालं.

२०११ मध्ये ‘लाइफबॉक्स’ ही संस्था निघाली ती हे यंत्र स्वस्तात आणि प्रशिक्षणासकट पोचवायला. तिच्या संस्थापकांत डॉ. अतुल गावंडे आहेत. हे नाव मराठी माणसानं मुद्दाम लक्षात ठेवावं. त्यांचे वडील डॉ. आत्माराम गावंडे यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यातल्या उटी गावचे. मुलगा अमेरिकेत वाढला, सर्जन झाला, आणि जागतिक आरोग्य संघटनेसाठी शस्त्रक्रियेच्या सुरक्षेची यादी तयार करणाऱ्या गटाचं नेतृत्व त्यानं केलं. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत, त्यात दिल्लीतलंही एक होतं, ही यादी वापरून बघितली तेव्हा मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. यादीतला एक प्रश्न सरळ आहे: ऑक्सिमीटर लावलं आहे आणि चालू आहे ना?

आणि रक्त?

सीझरनंतर गर्भाशय आकुंचन पावलं नाही की मिनिटांत लिटरभर रक्त जातं. भूल देणारा कितीही तयार असो, रक्त नसेल तर तो फक्त सलाईन ओतत बसतो. रवांडात प्रत्येक रुग्णालयात रक्तपेढी ठेवणं परवडणारं नव्हतं, आणि रस्ते डोंगरांतले. ऑक्टोबर २०१६ मध्ये मुहांगा इथून ड्रोननं रक्त पोचवणं सुरू झालं. पिशवी छोट्या पॅराशूटला बांधून रुग्णालयाच्या आवारात सोडतात. टाळ्या ड्रोनला मिळाल्या, ते ठीक. पण पिशवी उचलून गट जुळवून योग्य वेळी लावणारा माणूस थिएटरमध्ये आहे म्हणून ड्रोनला अर्थ आहे.

इतकं करून फरक पडला का?

आकडे बोलतात, पण त्यांचं सगळं श्रेय भूलशास्त्राला देऊ नका. सन २००० च्या सुमारास रवांडात दर लाख जिवंत जन्मांमागे १,०७१ माता दगावत होत्या. २०१९-२० च्या पाहणीत तो आकडा २०३ वर आला. सीझरनं होणाऱ्या बाळंतपणांचं प्रमाण २०१० मध्ये ७ टक्के होतं, दहा वर्षांत १५ टक्के झालं. यात गावोगावच्या आरोग्यसेविका आहेत, ‘मुतुएल’ नावाचा लोकांचा आरोग्य विमा आहे, रस्ते आहेत. पण सीझर दुप्पट होतात म्हणजे भूलही दुप्पट दिली गेली, आणि ती कुणीतरी दिली.

आफ्रिकेचं एकूण चित्र अजून कठीणच आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २५ देशांच्या अभ्यासात ११,४२२ रुग्ण होते. तिथल्या ऑपरेशनांनंतरचा मृत्युदर जगाच्या सरासरीच्या दुप्पट निघाला, आणि रुग्ण तुलनेनं तरुण व कमी आजारी असूनही. मृत्यूंपैकी बहुतेक ऑपरेशनच्या दिवशी टेबलावर झालेले नव्हते, नंतर वॉर्डात झाले होते. म्हणजे रुग्ण थिएटरमधून सुखरूप बाहेर येतो आणि रात्री कुणाचं लक्ष नसताना जातो. नुसतं थिएटर सुधारून भागत नाही ते यामुळे.

मला विचाराल तर रवांडाची खरी परीक्षा २०२४ मध्ये झाली. सप्टेंबरअखेर मारबर्ग विषाणूची साथ जाहीर झाली. इबोलाचा हा भाऊबंद. पूर्वीच्या काही साथींत दहातले आठ-नऊ रुग्ण गेलेले आहेत. या वेळी लागण झालेल्यांत बहुतेक आरोग्य कर्मचारीच होते, त्यातले बरेच किगालीच्या आयसीयूंत काम करणारे. आपलीच माणसं आपल्याच खाटांवर. ६६ रुग्ण झाले आणि मृत्यू १५. त्यात दोन रुग्ण असे होते, की त्यांचे बरेच अवयव निकामी होत गेले, त्यांना नळी टाकून व्हेंटिलेटरवर ठेवलं, आणि नंतर नळी काढून ते बरे झाले. आफ्रिकेत मारबर्गच्या रुग्णाबाबत हे पहिल्यांदाच घडलं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी जाहीरपणे सांगितलं. नवी औषधं होती, लवकर निदान होतं, सगळं होतं. पण नळी टाकणं सोपं असतं. ती केव्हा काढायची हे ठरवायला रात्ररात्र खाटेशी उभी राहणारी शिकलेली माणसं लागतात, आणि ती विमानानं येत नाहीत.

मग आता तिथे पुरेसे तज्ज्ञ आहेत?

नाहीत. लाख लोकांमागे किमान पाच भूलतज्ज्ञ असावेत असं जागतिक महासंघ सांगतो. रवांडा त्यापासून लांब आहे. जे आहेत ते बहुतेक किगालीत. आपलंही तसंच: पुण्याला रांग आणि तालुक्याला दुष्काळ. शिकून तयार झालेल्या तज्ज्ञाला जिल्ह्यात राहावंसं वाटावं यासाठी सक्तीच्या सरकारी सेवेचा नुसता बाँड पुरत नाही. घर लागतं, मुलांना शाळा लागते, आणि सुट्टी घेता यावी म्हणून दुसरा एक भूलतज्ज्ञ लागतो. शेवटची गोष्ट सगळेच विसरतात.

मी भूलतज्ज्ञ आहे. मला मदत करायची आहे. काय करू?

आधी बॅगेतलं सामान काढून ठेवा. कुणी मागितल्याशिवाय औषधं, यंत्रं नेऊ नका. चालू असलेल्या, स्थानिक विद्यापीठाच्या हाताखालच्या कार्यक्रमातूनच जा, आणि एका महिन्याच्या आत परत येणार असाल तर घरूनच ऑनलाइन वर्ग घेतलेले बरे. नियम, नोंदणी, परवाना यांत सवलत मागू नका. परक्या डॉक्टरनं आपल्या जिल्ह्यात येऊन विनापरवाना भूल दिली तर आपण गप्प बसू का?

आपल्या डॉक्टरांना त्या भागाची ओळख नाही असंही नाही. रवांडाच्या सीमेला खेटून काँगोतलं गोमा शहर आहे, तिथे संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत भारतीय लष्करानं रुग्णालय चालवलं आहे. सैन्यातले डॉक्टर म्हटले की पुण्याचं एएफएमसी, म्हणजे लष्कराचं वैद्यकीय महाविद्यालय, आलंच. अशा कुणाची गाठ पडली तर तासभर बसून ऐका.

आणि जाण्याआधी ड्रॉ-ओव्हर शिका. नाहीतर पहिल्याच दिवशी टेक्निशियन तुम्हाला शिकवेल. तेही वाईट नाही म्हणा.

किनयारवांडा यायला हवी का?

पूर्ण नको. ‘मुराहो’ म्हणजे नमस्कार, ‘मुराकोझे’ म्हणजे आभारी आहे. एवढ्यावर लोक हसून जवळ घेतात. पण एक शब्द पाठ करूनच जा, कारण दिवसातून वीस वेळा लागेल. भूल उतरत असते, रुग्णाची शुद्ध अर्धवट परतलेली असते, इंग्रजी-फ्रेंच काही त्याच्या कानात शिरत नाही. तेव्हा कानाशी वाकून, आपण इथे ‘मोठा श्वास घ्या’ म्हणतो त्याच सुरात म्हणायचं: हुमेका. आणि छाती हलते का ते बघायचं.